काठी धरली की माणूस बसला म्हणे!

माशेलची:
डिचोलीकरांनी काल लिहिलं, "आमची आजी नव्वदीला विहिरीचं पाणी शेंदायची. हल्ली साठी उलटली की काठी, सत्तरीला वॉकर. काठी हातात घेतली की माणूस बसलाच समजा." खाली वाहवांची रांग लागलेली पाहिली आणि राहवलं नाही. म्हणून हे लांबण.

माझ्या सासूबाईंना पार्किन्सन आहे. असलीच बोलणी ऐकून त्या हट्टाने काठीशिवाय चालायच्या. एक दिवस न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय जागीच चिकटले, अंग मात्र पुढे गेलं. खुबा मोडला. ह्या आजारात पाऊल असंच अडतं, दारात आणि वळताना तर हमखास. मनाचा निश्चय करून ते सुटत नाही. गोळीचा असर उतरत आला की तासाभरापूर्वी पोळ्या लाटणारी बाई खुर्चीतून उठू शकत नाही. शेजारीण म्हणते, "सकाळी तर बऱ्या होत्या, आता नाटकं." आता वॉकर आलाय, तर रोज बाहेर सोप्यावर येऊन भाजीवाल्याशी भांडतात. वॉकर नव्हता तेव्हाच त्या बसल्या होत्या, डिचोलीकर.

डिचोलीकर:
पार्किन्सनबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. मी साध्या गुडघेदुखीबद्दल लिहिलं. डॉक्टरच सांगतात, चाला, मांडीचे स्नायू बळकट करा. मी पहाटे मयेच्या तळ्याकडे फिरायला जातो, गुडघे ठणठणीत. एका आजाराचं उदाहरण देऊन तुम्ही सगळ्या गावाला खुर्चीत बसवायला निघालात.

फिजिओ मडगाव:
व्यायामाचं बरोबर आहे, शंभर टक्के. पण दुखतं म्हणून माणूस आधी चालणंच सोडतो. काठीने सांध्यावरचा भार कमी होतो, मग तो चार पावलं जास्त टाकतो. आणि काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. डावा गुडघा दुखत असेल तर उजव्या हातात. हात सैल सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाशी यायला हवी. आपल्याकडे आजोबांची काठी आत्याला, आत्याची काकाला, माप कोणाचंच नाही.

विहिरीवरच्या आजीबद्दल एकच. ती सगळ्यांना आठवते. बासष्टीला अंथरुणाला खिळून माजघरात गेली तिची गोष्ट कोण सांगतो?

फोंड्याचा:
घरातलं झालं, आता देवळाचं बोलूया का? आईला व्हीलचेअरवरून कुलदेवतेच्या दर्शनाला नेलं. नाव घेत नाही, उगाच भांडण नको. पायऱ्यांशीच एक सेवेकरी आडवा आला. "चाकं रस्त्यावरून आलेली, आत नको." ओला पंचा बरोबर होता, पुसून घेतो म्हटलं. तरी नाही. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उचलून नेलं. खुर्चीचा एक पाय वाकत होता. आईने भीतीने डोळे घट्ट मिटले, ते देवीसमोरही उघडले नाहीत. कसलं दर्शन!

वारसा जपा:
देऊळ म्हणजे मॉल नव्हे. जुन्या वास्तूला सिमेंटचे उतार चिकटवून विद्रूप करायचं का? शिवाय सोवळं म्हणून काही असतं. घरून हात जोडले तर देवी पावत नाही?

फोंड्याचा:
गर्भकुडीत, म्हणजे गाभाऱ्यात, कोण जातंय? सभामंडपापर्यंत म्हणतोय मी. लग्नाचा कॅमेरावाला तिथे वायरी पसरून फिरतो तेव्हा सोवळं कुठे असतं? आणि घरून हात जोडायचा सल्ला जत्रेला तुम्ही स्वतः का पाळत नाही?

वकीलबाय:
दोघेही जरा थांबा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या वास्तू स्पष्ट येतात, सरकारी असोत की खाजगी. जुन्या इमारतींना उतारासारख्या सोयी करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017चे, म्हणजे मुदत 2022लाच सरली. नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतूडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलं की ह्या सोयींचे निकष मर्जीवर सोडता येणार नाहीत, सक्तीचे करा.

वारसा जपा:
कायदा दाखवून देवस्थानं चालत नाहीत. तुम्ही महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्काचे सभासद, आहात का?

फोंड्याचा:
मी आहे. उत्सवाच्या पावत्या लावू इथे?

माशेलची:
आमच्याकडे बायकांना महाजनकीच नाही. म्हणजे आम्ही पडायचं आणि गप्प राहायचं. छान.

सांगेकर:
तुमचं देवळाचं झालं की बसचंही बघा. मला लहानपणी पोलिओ झालेला. ड्रायव्हर थांब्याच्या पुढे नेऊन गाडी उभी करतो, मी पोचेपर्यंत घंटी. पहिली पायरी तर गुडघ्याएवढी. 2023ला पणजीत दिव्यांगांचा महोत्सव, पर्पल फेस्ट, सुरू झाला, मी गेलो होतो, मस्त वाटलं. परत घरी यायला शेवटी भाच्याची स्कूटर.

वकीलबाय:
2011च्या जनगणनेत ज्येष्ठांचं प्रमाण केरळनंतर गोव्यातच सर्वांत जास्त होतं. तरुण पोरं पुण्या-बंगळुराला नाहीतर बोटीवर. पालखीमागे उद्या कोण चालणार, ह्याचा हिशोब महाजनांनीच करावा.

वारसा जपा:
बरं, बरं. समोरचं रूप बिघडवू नका एवढंच माझं म्हणणं. अग्रशाळेच्या, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांच्या, बाजूने काढता-घालता येणारा लाकडी उतार केला तर माझी हरकत नाही. देवस्थानाने स्वतःची एक व्हीलचेअर आतच ठेवावी, बाहेरच्या चाकांचा प्रश्नच मिटला. जुन्या विचारांच्या माणसालाही डोकं असतं हो.

फोंड्याचा:
हेच पहिल्यांदा म्हटलं असतं तर मॉल मध्ये आला नसता.

फिजिओ मडगाव:
फळी टाकली की उतार झाला असं समजू नका. एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. देवळाचं जोतं चार फूट असेल तर 48 फूट, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे. आपल्या पावसात उघडं लाकूड शेवाळून निसरडं होतं, तेही गवंड्याला आधी सांगा. नाहीतर चौघांना खुर्ची उचलावी लागायची ती आता उतारावर धरावी लागेल.

डिचोलीकर:
माझा मुद्दा राहिला बाजूला, देवळाचं बांधकाम सुरू झालं! असो. काठीचं माप तेवढं घेऊन बघितलं. आमच्या सौभाग्यवतींची काठी वीतभर उंच निघाली. खांदा दुखतो म्हणायची, मी म्हणायचो सबबी. पण काठीने आळस वाढतो हे माझं मत कायम आहे.

माशेलची:
मत ठेवा, काठी कापून आणा. आणि बुडाचं रबर बघा. झिजून गुळगुळीत झालं असेल तर न्हाणीत घसरेल. औषधांच्या दुकानात मिळतं, जुनं बरोबर न्या, माप वेगवेगळं असतं.