एलएफए आठवते का?

आलिशान गाड्या बनवणाऱ्या कंपनीने अस्सल स्पोर्ट्‌स कारच्या मागे लागणं म्हणजे पैशांची नासाडी, असं काहीजण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. टोयोटाच्या लेक्सस या आलिशान ब्रँडची एलएफए ही स्पोर्ट्स कार घ्या. २०१० ते २०१२ मध्ये जेमतेम ५०० गाड्या बनल्या. ४.८ लिटरचं व्ही१० इंजिन ०.६ सेकंदात ९,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठायचं. साध्या काट्याला ते झेपेना म्हणून डिजिटल टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) बसवावा लागला! आवाजावर यामाहाने मेहनत घेतली, आणि काय आवाज आहे तो! अ‍ॅल्युमिनियमची ठरलेली बॉडी मध्येच बदलून कार्बन फायबरची केली, त्याच्या विणकामासाठी खास माग उभारला. (टोयोटाचं घराणं मुळात कापडाचे माग बनवणाऱ्यांचंच.) असं शिकलेलं वाया जात नाही. लेक्ससने पुन्हा अशी गाडी बनवावीच, फक्त सेडानचे उरलेसुरले भाग जोडून नको.