मिथेनॉलचा अर्क कुणी पितं का? औषधी वनस्पतींच्या चाचण्यांबद्दल

गोदाकाठ_मायक्रो
नाशिकला मायक्रोबायोलॉजी शिकवते. प्रोजेक्टचे दिवस आले की मुलं त्र्यंबक, पेठ, हरसूलकडून पिशव्या भरून पाला आणतात. अडुळसा, गुळवेल, दगडी पाला, कुड्याची साल. सावलीत वाळवायचं, मिक्सरला लावायचं, मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमध्ये भिजत घालायचं आणि त्या अर्काची कागदी चकती स्टॅफ, ई. कोलाय या जंतूंच्या प्लेटवर ठेवून द्यायची. चकतीभोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं, तो झोन. परवा एक मुलगी धावत आली, "मॅडम, आठ मिमी झोन आलाय!" पट्टी लावून पाहिलं. कागदाची चकतीच सहा मिमीची, म्हणजे कडेला जेमतेम एकेक मिलिमीटर. शेजारी सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचा झोन तिशीच्या घरात. नुसत्या मिथेनॉलची चकती तर तिने ठेवलीच नव्हती, मग जंतू पाल्याने अडले की मिथेनॉलने ते कळणार कसं? तरी अहवालात "उत्तम जीवाणूरोधक" असं लिहून तयार!

अँटिऑक्सिडंटचं त्याहून वाईट. चाचणीतल्या डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग पिवळा पडला की खूश. तो रंग चहासुद्धा घालवतो. शरीरात काय होतं ते त्यावरून कळत नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलं; १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग कमी नाही, जास्त निघाला होता.

माझं म्हणणं एवढंच की लोक जे औषध ज्या रूपात घेतात, त्याच रूपात ते तपासा.

सुरगाण्याचा_पाला
मॅडम, मुळात तपासायचंच कशाला? आमच्या आजाने कुड्याची साल ताकात उगाळून हगवणीवर किती जणांना दिली, त्याची मोजदाद नाही. आणि अडुळसा कफ सोडवतो. तो जंतू मारतो असं आमच्याकडे कुणी कधी म्हटलंच नाही. मग प्लेटवर ठेवून त्याला नापास का करता?

अर्कशोधक
अडुळशाबद्दल सुरगाणेकर बरोबर बोलले. त्यातल्या वासिसिन या द्रव्यावरूनच खोकल्याचं ब्रोमहेक्सिन घडलं, आणि ते प्लेटवर कधीच दिसलं नसतं. पण "तपासायचंच कशाला" हे मला पटत नाही. आजाच्या हातून बरे झालेले लक्षात राहिले. जे बरे झाले नाहीत ते परत सांगायला आले का?

मॅडमशीही माझं भांडण आहे. पाण्यात न उतरणारी द्रव्यं काढ्यात येतच नाहीत. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना हिवतापावरचं आर्टेमिसिनिन ईथरच्या अर्कात सापडलं, २०१५ चं नोबेल त्याबद्दलच. काढ्याचा हट्ट धरला असता तर हाती काही लागलं नसतं. शिवाय तेलकट द्रव्यं अगारमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या जेलीत, पसरत नाहीत, त्यामुळे झोन लहान म्हणून औषध कुचकामी ठरत नाही. एमआयसी काढा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला कमीत कमी किती अर्क लागतो ते पाहा. मग बोलू.

गोदाकाठ_मायक्रो
एमआयसीचं मान्य, यंदापासून सक्तीचं करते. पण तू यूयूंचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. जुन्या चिनी ग्रंथात ती वनस्पती उकळायला सांगितलेलीच नव्हती. पाण्यात भिजवून, पिळून रस प्या असं होतं. उष्णतेने गुण जातो हे त्यांना त्या ओळीवरून सुचलं, म्हणून त्या कमी तापमानाच्या अर्काकडे वळल्या. कृती नीट वाचली म्हणून औषध मिळालं. आमची मुलं वैदूला कृती विचारतच नाहीत.

हरसूल_रान
विचारतील, लिहून घेतील, पेपर छापतील. पुढे काय? नरक्या या झाडात कर्करोगाच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन आहे हे कळलं आणि सह्याद्रीतली झाडं तोडून पोत्यांनी बाहेर गेली. केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, तर तिच्यापासून केलेल्या 'जीवनी' औषधाच्या परवाना शुल्कात आणि रॉयल्टीत त्यांना निम्मा वाटा ठरला. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे, गावोगावी समित्या नेमायच्या आहेत. प्रोजेक्टसाठी पिशवी भरताना तुमच्यापैकी कुणी कधी त्या समितीला विचारलंय? मला हे चाचण्यांपेक्षा मोठं वाटतं.

अर्कशोधक
रास्त आहे. आणि झाडाची ओळखही पटवून घ्या. गुळवेल म्हणून तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल आणली तर सगळी मेहनत पाण्यात. फांदी दाबून, वाळवून नमुना ठेवलाच पाहिजे.

गोदाकाठ_मायक्रो
@हरसूल_रान, नाही विचारलं. चुकलंच. या वर्षी समितीची लेखी परवानगी असल्याशिवाय पाला घेणार नाही.

@सुरगाण्याचा_पाला, दादा, तुमच्या आजोबांच्याच रीतीने करून पाहू. ताकातली साल, पाण्यातली साल, मिथेनॉलमधली साल. जोडीला नुसतं ताक आणि नुसतं मिथेनॉल. ताक आंबट असतं, लॅक्टिक आम्लही जंतूंना रोखतं. नुसतं ताक ठेवलं नाही तर श्रेय कुणाचं ते कळणार नाही. आणि हगवण थांबते ती जंतू मेल्यामुळेच, असंही मी धरून चालत नाही. साल किती उगाळायची, ताक किती दिवसांचं, सांगाल का?

सुरगाण्याचा_पाला
ताक ताजं, त्याच दिवसाचं. साल बोटाच्या पेराएवढी, सहाणेवर. पण आत्ता येऊ नका, पानगळ होऊ द्या. आणि मुलांना सांगून ठेवा, खोडाच्या एकाच बाजूची साल काढायची. गोल काढली की झाड जातं.