लघवी धरवत नाही. पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. कोणी घेतलंय का?

वावरातली (राळेगाव तालुका, यवतमाळ)

नमस्कार ताई-दादांनो. माझं वय 49, कास्तकाराच्या घरची आहे. तीन-चार वर्षांपासून लघवी लागली की लागलीच जावं लागतं, दम म्हणून निघत नाही. वावरातून येऊन दाराचं कुलूप उघडायला किल्ली फिरवली की तिथंच कपडे ओले होतात. भांडी घासताना पाण्यात हात घातला तरी तेच. रात्री अंगणातल्या संडासापर्यंत पोचेपर्यंत अर्धं वाटेतच होतं. खोकला-शिंक आली तर मात्र काही होत नाही.

शुगर नाही, लघवीत जंतू नाहीत, सोनोग्राफी साफ आहे. आधी पिशवीचं आवळणं कमी करायची सॉलिफेनॅसिन नावाची गोळी दिली होती. तिनं फरक पडला, पण तोंड इतकं कोरडं पडायचं की मे महिन्यात जीव कासावीस व्हायचा, शिवाय संडासला खडा. मग मिराबेग्रॉन ही दुसरी गोळी दिली, तिनं थोडंसंच बरं वाटतं. आता नागपूरचे युरोलॉजिस्ट म्हणतात की लघवीच्या पिशवीत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊ, 100 युनिट.

दिरांनी मोबाईलवर पाहिलं आणि घरात सांगितलं की हे विष आहे. सासूबाई म्हणतात, "बाप्पा, या वयात असंच होते, आमाले नाई का झालं, त्यासाठी विष टोचून घेतं का?" मालक म्हणतात तुझ्या मनाचं कर, पण भ्यायले आहेत. मला विषापेक्षा दुसरीच भीती आहे. डॉक्टर बोलताबोलता म्हणाले, "काही जणींना नंतर काही दिवस नळी घालून लघवी काढावी लागते." मी दिवसभर पऱ्हाटीत असते. तिथं नळी कशी घालायची? अर्धं तिकीट झालं तरी एसटीत बसायची हिंमत होत नाही, माहेरी जाणं सुटलं आहे. म्हणून विचारते. ज्यांनी घेतलं त्यांनी खरं सांगा.

अंगणवाडीताई (हिंगणघाट तालुका, वर्धा)

ताई, मी घेतलंय, आणि ज्या नळीला तुम्ही भ्यायल्या ती मला लागली होती. म्हणून सविस्तर लिहिते.

विषाचं आधी. औषध जंतूच्या विषापासूनच बनतं, हे खरं आहे. पण इथं त्याचा अगदी मोजका अंश पिशवीच्या स्नायूत टोचतात. पिशवी भरायच्या आधीच तो स्नायू आपोआप आवळतो, म्हणून आपल्याला धरवत नाही. नसेच्या टोकातून स्नायूला 'आवळ' असा निरोप जातो, तो निरोप हे औषध अडवतं. अमेरिकेत 2013 पासून याच त्रासासाठी त्याला मान्यता आहे. सासूबाईंना सांगा की वयाचा यात दोष नाही, हा स्नायूचा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. आमच्या अंगणवाडीत पोषण आहार न्यायला येणाऱ्या कितीतरी बाया हाच त्रास सोसतात, पदर पुढे ओढून बसतात आणि दवाखान्याची पायरी चढत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

टोचतात कसं ते सांगते. आधी लघवीची तपासणी करून जंतू नाहीत ना ते पाहिलं, अँटिबायोटिक दिलं. नंतर नळीतून पिशवीत बधिर करायचं औषध सोडलं आणि अर्धा तास तसंच झोपवून ठेवलं. मग दुर्बीण आत घातली. समोरच्या पडद्यावर माझीच पिशवी आतून दिसत होती, गुलाबी, लाल बारीक नसांची. डॉक्टर एकेका जागी सुई लावायचे आणि दरवेळी आत चिमटा बसल्यासारखं व्हायचं. 100 युनिटचं औषध साधारण 20 जागी थोडं थोडं विभागून देतात. मला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. शेवटच्या काही टोचण्यांना मात्र मी नर्सबाईंचा हात धरला होता. टोचणं थोड्याच वेळात आटोपलं, त्या आधीची वाट पाहणंच लांब होतं. दिवसभर लघवी थोडी लालसर आली. लघवी होते की नाही हे पाहूनच घरी सोडलं.

पहिला आठवडा काहीच फरक नव्हता. पुढे एकदा पोरांना खिचडी वाढता वाढता लक्षात आलं की दुपार झाली आणि आपण अजून उठलोच नाही. पण त्याच दिवसांत लघवी करताना जोर लावावा लागायला लागला, धार बारीक झाली, ओटीपोट जड वाटायला लागलं. ठरल्याप्रमाणे तपासणीला गेले तर सोनोग्राफीत पिशवीत बरीच लघवी शिल्लक दिसली. असं शंभरात साधारण 6 जणींना होतं, हे मला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरले नाही.

नर्सबाईंनी तिथंच पडद्याआड आरसा देऊन शिकवलं. साबणानं हात धुवायचे, समोर आरसा ठेवायचा, बायांसाठी आखूड नळी येते ती अलगद आत सारायची, लघवी निघून गेली की काढायची. पहिल्यांदा जागाच सापडेना. आठवड्याभरात आरसासुद्धा लागेना. नळी दिवसभर अडकवून ठेवायची नसते, लोकांचा हाच गैरसमज होतो. पिशवी रिकामी करायची आणि नळी बाहेर. मी सकाळी, दुपारी घरी आल्यावर आणि झोपताना न्हाणीत बसून करायची. अंगणवाडीत कोणाला कळलंही नाही. काही आठवड्यांनी शिल्लक कमी झाली तशी नळी सुटली.

म्हणून ताई, निर्णय घ्यायचा असेल तर प्रश्न एकच ठेवा: वेळ आलीच तर नळी घालायला मी शिकेन का? मनापासून हो येत असेल तर इंजेक्शन घ्या. नाहीच म्हणत असाल तर गोळ्याच चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. मी दुसऱ्यांदाही घेतलं. फरक सहा महिन्यांच्या पुढेमागे ओसरतो, मग पुन्हा घ्यावं लागतं, आणि दोन इंजेक्शनांत निदान तीन महिने तरी जाऊ द्यावे लागतात. कायमचा इलाज समजून घेऊ नका.

झाडीपट्टीचा भाऊ (गडचिरोली)

माझा लहान भाऊ मोहाच्या झाडावरून पडला, मणक्याला मार लागला, कमरेखालचं गेलं. त्याच्या पिशवीतही हेच देतात, पण 200 युनिट आणि 30 जागी. त्याला आधीपासूनच नळीनं लघवी काढावी लागायची, तरी मधेमधे पिशवी आवळून अंथरूण ओलं व्हायचं. डॉक्टरांनी समजावलं की त्याच्या पिशवीतला दाब वाढून किडनीलाही धोका होता. इंजेक्शननंतर दोन नळ्यांच्या मधला वेळ कोरडा जातो. आता तो तीनचाकीवर आठवडी बाजारात जाऊन बसतो, लोकांशी बोलतो. आमच्या घरासाठी ही लहान गोष्ट नाही. वहिनी, हिंमत करा.

उपकेंद्राची सिस्टर (वाशीम जिल्हा)

वरच्या ताईंनी छान लिहिलंय, थोडी भर घालते. तुम्ही सांगताय तो 'लागली की धरवत नाही' हा प्रकार आहे, त्यालाच हे इंजेक्शन चालतं. खोकताना, हंडा उचलताना गळते तो प्रकार वेगळा, त्याला बोटॉक्सचा उपयोग नाही. तिथं ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम आणि गरज पडली तर ऑपरेशन असतं. बाळंतपण अवघड झाल्यावर रात्रंदिवस थेंब थेंब गळत असेल तर ते आणखी वेगळं, तिथं भोक पडलेलं असू शकतं. हे धागा वाचणाऱ्या बाकीच्या ताईंसाठी लिहिते.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मनानं बंद करू नका. इंजेक्शननंतर लघवीत जंतू व्हायचं प्रमाण वाढतं. जळजळ, थंडी-ताप आला तर लगेच दाखवा. आपल्याकडे ताप आला की गावातल्या दवाखान्यात अमिकासिन किंवा जेंटामायसिन ही अँटिबायोटिकं टोचून देतात. या औषधांनी बोटॉक्सचा जोर वाढू शकतो, म्हणून 'मी पिशवीत बोटॉक्स घेतलंय' हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं. गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला, अंगातली ताकद गेल्यासारखी वाटली, तर थेट मोठा दवाखाना गाठायचा. असं क्वचितच होतं, पण माहीत असावं. स्नायू दुबळे पडायचा मायस्थेनियासारखा आजार असेल तर हे इंजेक्शन घेत नाहीत.

एक विनंती. गळेल म्हणून पाणी तोडू नका. आपल्याकडे ऊन 45 च्या घरात जातं, बाया सकाळपासून पाणी न पिता वावरात राबतात. लघवी घट्ट झाली की पिशवी उलट जास्त चिडते. चहा मात्र कमी करा. आणि कळ आली की पळू नका. आहे तिथं थांबा, लघवी अडवतो तसं खालचं अंग पटापट पाच-सहा वेळा आवळा, कळ ओसरली की सावकाश जा. कुलपापाशी हेच करून बघा. इंजेक्शन घेतलं तरी हे सोडायचं नाही.

वावरातली (राळेगाव तालुका, यवतमाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. नळी काढून ठेवायची असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी समजत होते लघवीची थैली लटकवून फिरावं लागते. मालकांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शिकवत असतील तर मीबी शिकतो." अंगणवाडीताई, दोन गोष्टी सांगा. वेचणी सुरू व्हायच्या आधी घ्यावं की नंतर? आणि वावरात असताना नळीची वेळ आली तर?

अंगणवाडीताई (हिंगणघाट तालुका, वर्धा)

वेचणीच्या आधी घ्या ताई, पण अगदी तोंडावर नको. पोळ्याच्या सुमारास घेतलंत तर दोन आठवड्यांनी शिल्लक पाहायची तपासणी होईल, नळी लागते का तेही कळेल, आणि कापूस फुटेपर्यंत हात बसलेला असेल. सारं ठीक गेलं तर वेचणीच्या दिवसांत कळ आटोक्यात राहील.

वावरात सहसा वेळ येत नाही, कारण निघायच्या आधी आणि घरी आल्यावर केलं की बहुतेकींचं भागतं. नेमकं किती वेळा ते तुमची शिल्लक पाहून सिस्टर सांगतील. तरी वावरात न्यायच्या थैलीत एक झाकणाचा डबा ठेवा: पाकीटबंद नळी, साबणाचा तुकडा, पाण्याची बाटली. मालक सोबत असतील तर धुऱ्यावर दोन काठ्यांना लुगडं बांधून आडोसा करून देतील.

जायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. औषधाच्या बाटलीचे आणि टोचायचे पैसे वेगळे आहेत का, आणि फुले योजनेत यातलं काही बसतं का. ते दवाखान्यातले आरोग्यमित्र सांगतात, रेशनकार्ड-आधार सोबत असू द्या. आणि नळ्या तिथूनच घेऊन या. आमच्या तालुक्याच्या मेडिकलात बायांची आखूड नळी मागितली तर मोठी पुरुषांचीच काढून दिली होती.