डोळ्यातलं तेल काढल्यानंतरचा चष्म्याचा नंबर
डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटल्यावर शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेलं सिलिकॉन तेल काढलं की नजर आपोआप सुधारते, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. पडदा सुटला तेव्हा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, सुटला होता का आणि किती दिवस, यावर नजर कितपत परत येणार हे बरंचसं ठरतं.

नंबराबद्दल मात्र कुणीच लिहिलेलं नाही. भिंग जागेवर असलेल्या डोळ्यात तेलामुळे साधारण ५ ते ६ प्लस नंबर वाढतो आणि तेल निघालं की उतरतो. माझ्या वडिलांचा आधीचा चष्मा त्यामुळेच निरुपयोगी झाला. नवा चष्मा डोळा स्थिरावल्यावरच करा. आणि कृपया, सावली, चमक किंवा नवे काळे ठिपके दिसले तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डोळा दाखवा. पडदा पुन्हा सुटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो.