टॅबची नावं आणि भाव: आपण गोंधळावं म्हणूनच अशी ठेवतात का?

गोदाकाठी
भाची यंदा मेडिकलला लागली. पीडीएफवर पेनाने खुणा करत अभ्यास करायचा म्हणून तिला टॅब हवाय, आणि 'नंबर लागला तर मामा देईल' असं मी भरल्या घरात बोलून बसलो होतो. बजेट ३५ हजार.

परवा संध्याकाळी एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. पोराने काचेवर चार डबे मांडले. एकाच्या नावापुढे 'लाइट', एकाच्या 'एफई', एकाच्या 'प्लस' आणि चौथा बिनशेपटीचा. विचारलं, यातला सगळ्यात नवा कुठला? त्याने डबे पालथे केले, मागच्या स्टिकरवरचा महिना नखाने दाखवत वाचला, तरी दोन डब्यांबद्दल त्याचंच समाधान होईना. शेवटी खिशातून फोन काढून शोधायला लागला. विकणाराच शोधतोय आणि घेणारा त्याच्या तोंडाकडे बघतोय! स्टिकरवर एमआरपी एक, तोंडी भाव दुसरा, बँकेच्या कार्डावर तिसरा. पेन आणि कव्हर धरून आकडा ४७ वर गेला तेव्हा 'घरी विचारून येतो' म्हणून मी सटकलो.

नावावरून दोन गोष्टी कळाव्यात एवढीच माझी अपेक्षा: माल कधीचा आणि कुठल्या पायरीवरचा. टॅबच्या नावावरून दोन्ही कळत नाही, आणि हे चुकून होतं असं मला वाटत नाही. माणूस गोंधळला की 'कशाला उगाच रिस्क' म्हणत वरचा घेतो.

काउंटरमागचा
ते दुकान आमचं नसावं. असलं तर आधीच माफी मागतो.

बारा वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाईक नाव घेऊन येत नाही, आकडा घेऊन येतं. '२० पर्यंत काय आहे?', 'पोरीला क्लासला हवाय, १५ च्या वर जायचं नाही.' नाव आम्हाला गोडाऊनमधून डबा मागवायला लागतं, तेवढंच. आणि गाडी घेताना एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय म्हणजे काय ते कुणी आईच्या पोटातून शिकून आलं होतं का? आज कुणालाही झोपेतून उठवून विचारा. तुमचा घोळ नावाने झाला नाही, बेरीज उशिरा केल्याने झाला. पेन लागणार हे घरून निघतानाच माहीत होतं ना?

कॅनडाकॉर्नर
अहो काउंटरमागचा, एलएक्सआय पाठ झालं कारण त्याचा क्रम बदलला नाही. इथे शब्दाचा अर्थच बदलतो. मी ड्रॉइंगचे क्लास घेते, त्यामुळे आयपॅडचं थोडं पाठ आहे. २०१३ मध्ये 'एअर' आला तो हलका आणि पातळ म्हणून. २०२४ च्या मे महिन्यात दोन १३ इंची एकाच दिवशी जाहीर झाले: प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा आणि एअर ६.१. वजनातही प्रोच हलका. आता 'एअर' म्हणजे मधली पायरी, हवेशी त्याचा संबंध संपला.

भावाची शिडीसुद्धा बघा. मार्च २०२५ मधले आपल्याकडचे जाहीर भाव: साधा आयपॅड १२८ जीबी ३४,९००. तोच २५६ चा घेतला की ४४,९००. तिथे पोचलात की ४९,९०० चा मिनी खुणावतो. आणि पन्नास घालायचेच तर ५९,९०० ला ११ इंची एअर आहेच की. प्रत्येक पायरी अशी बेतलेली की मागची मूर्खपणाची वाटावी. माझे दोन विद्यार्थी ३५ ठरवून गेले आणि ६० चं घेऊन आले. दोघांचे बाबा अजून माझ्याकडेच रागाने बघतात.

उन्हाळकांदा
लासलगावला या, नावं कशी ठेवायची ते शिकवतो. उन्हाळ म्हटलं की टिकाऊ, चाळीत ठेवता येणारा. लाल म्हटलं की लवकर विकून मोकळं व्हायचं. गोल्टी म्हटलं की बारीक आकार, लगेच कळला. लिलाव झाला की कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी, तीन आकडे फळ्यावर. गोल्टीला अजून कुणी 'कांदा एअर' म्हटलेलं नाही.

सीडलेस
उन्हाळकांदा भाऊ, तुमचं कांद्याचं ठीक आहे, आमच्या दिंडोरीकडे बागेत या. थॉमसन, सोनाका, सुपर सोनाका, माणिक चमन. 'सुपर' म्हणजे नक्की काय सुपर, हे गाडीवर द्राक्षं घेणाऱ्या किती जणांना सांगता येईल? मणी लांब, गोड आणि करकरीत दिसला की पिशवी पुढे करतात. नावाने कुणाचं अडत नाही. मी फवारणीची नोंद ठेवायला दोन वर्षांपूर्वी एक स्वस्तातला टॅब घेतला, त्याचं पूर्ण नाव मला आजही सांगता येणार नाही. औषध, मात्रा, तारीख लिहितो, चालतंय. धागाकर्त्याने नावाचं फारच मनावर घेतलंय.

सातपूर पहिली शिफ्ट
सीडलेस, चाखून बघता येणाऱ्या मालाला नाव नसलं तरी भागतं. टॅबचा प्रोसेसर चाखणार कसा?

आमच्या कारखान्यात पार्टच्या ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर, म्हणजे ते कितव्या सुधारणेचं आहे, हे नसेल तर पार्ट कितीही सुंदर असो, क्वालिटीवाला हात लावत नाही. आता हे बघा. सॅमसंगचा 'गॅलेक्सी टॅब एस६ लाइट' २०२० मध्ये आला. २०२२ मध्ये वेगळी चिप घालून परत आला, नाव तेच. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा आला, चिप पुन्हा वेगळी, नाव पुन्हा तेच. ओळखायचं तर मॉडेल नंबर: पहिला पी६१० किंवा पी६१५, दुसरा पी६१३ किंवा पी६१९, तिसरा पी६२० किंवा पी६२५. आणि त्याच कंपनीची २०२४ ची एस१० मालिका 'प्लस' आणि 'अल्ट्रा' घेऊन आली, साधा एस१० नव्हताच. प्लस कशापेक्षा, ते विचारू नका. २०२५ मध्ये एस११ आला, तेव्हा साधा परत हजर आणि प्लस गायब.

एक मात्र कबूल करतो. एस६ लाइटच्या डब्यात पेन असतो. तिथे काउंटरमागच्याची बेरीज लवकर होते.

जुनाजाणता
हा रोग आजचा नाही. २०१२ च्या मार्चमध्ये आयपॅडचा तिसरा अवतार आला, त्याला आकडाच दिला नाही. नाव काय, तर 'नवा आयपॅड'. त्याच वर्षी ऑक्टोबरात चौथा जाहीर झाला आणि नव्याला 'जुना नवा' म्हणायची पाळी आली.

पण धागाकर्त्याला उलट बाजूही सांगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' आणला. नाव एका शब्दाचं, भाव दोन-अडीच हजारांच्या घरात, कुठलीही शेपटी नाही, गोंधळाला जागाच नाही. आणि स्क्रीन अशी की हलका स्पर्श केला तर ती ऐकायचीच नाही, बोट दाबावं लागायचं. सुटसुटीत नावाला भुलू नका.

काउंटरमागचा
जुनाजाणता काका, मनातलं बोललात.

आता एक असं सांगतो जे इथे कुणाला आवडणार नाही. या गोंधळावरच मध्यमवर्गाचा टॅब येतो. दहाव्या पिढीचा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,९०० ला आला. मे २०२४ मध्ये त्याचीच जाहीर किंमत ३४,९००. वस्तू तीच, दीड वर्षात दहा हजार खाली. दरवर्षी जुनं बंद करून एकच स्वच्छ नाव ठेवलं असतं तर हा माल कपाटात राहिलाच नसता. थांबणाऱ्याचा फायदा होतो आणि थांबणारा म्हणजे आपणच. ज्याला दिवाळीच्या आधीच हवा तो जास्त मोजतो, आणि खुशीने मोजतो.

गोदाकाठी
थांबण्याचा मुद्दा मान्य. पण थांबलेल्या माणसाला समोरचा डबा जुना आहे हे कळायला तर हवं! जुन्याचा भाव जुना असेल तरच फायदा. मला दाखवलेल्या दोन डब्यांच्या वयात दीड-दोन वर्षांचा फरक होता आणि किमतीत दोनच हजारांचा. नावावर साल असतं तर तो पोरगाही ताठ मानेने बोलला असता.

आणि तुम्ही म्हणता त्याच दहाव्या पिढीच्या आयपॅडची गंमत मी घरी येऊन वाचली. खाली टाइप-सी आणि त्याला चालणारी पेन्सिल पहिल्या पिढीची, म्हणजे जुन्या लाइटनिंग पिनची. जोडायला मध्ये एक अडॅप्टर. टाइप-सीवाली पेन्सिल वर्षभराने आली. पेन्सिलीलाही पिढ्या! कुठल्या टॅबला कुठली चालते याचा तक्ता पाठ करायचा, मग घरून निघताना बेरीज करायची. तुमचा 'आकडा घेऊन येणारा' माणूस ही बेरीज कशी करणार?

कॅनडाकॉर्नर
+१. क्लासमध्ये एका मुलीने भावाची पेन्सिल आणली होती, जोडलीच जाईना. दोन्ही एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्याच पांढऱ्या. अर्धा तास आम्ही ब्लूटूथला शिव्या घालत होतो.

सीडलेस
मला वाटतं तुम्ही सगळे कॉलेज रोडवर एकदा एकत्र मिसळ खा. तिथेही मध्यम की तिखट विचारतात, आणि मध्यमनेसुद्धा नाक गळतं.

काउंटरमागचा
बरं, पेन्सिलीवर हरलो. तो तक्ता आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, खोटं कशाला बोलू.

गोदाकाठी, तुमच्यासाठी इतकंच: दुकानात गेल्यावर 'नवा कुठला' विचारू नका, सगळेच 'हा' म्हणतील. सातपूरवाल्यांनी सांगितलं तसा मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या. पहिल्याच वाक्यात 'पेन आणि कव्हरसकट ३५' म्हणा, म्हणजे समोरचा वरचे डबे काढणारच नाही. किंमत १८ टक्के जीएसटी धरून सांगितली आहे का ते विचारा. आणि शनिवार-रविवार टाळा, कुणालाच बोलायला वेळ नसतो.

गोदाकाठी
मंगळवारी दुपारी जातो. नावांबद्दलचं मत बदललेलं नाही, लिहून ठेवा.

काउंटरमागचा
लिहिलं. भाचीला बरोबर आणा. पेन ती धरणार आहे, तुम्ही नाही.