मदत हवी आहे : मासुंदा तलावाचा नकाशा कोराच येतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यातली चार-पाच टाळकी रविवारी लोकांना तलावांच्या काठाने फिरवतो. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी. दर खेपेला गटाप्रमाणे ए-फोर नकाशा लागतो: शाळेच्या मुलांना पक्षी, ज्येष्ठांना बाकडी आणि स्वच्छतागृहं (हे आधी विचारतात!). आजवर क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) हाताने करायचो. एका तलावामागे एक संध्याकाळ जायची.

आता पायथनची स्क्रिप्ट लिहिली आहे. मागचा (पार्श्वभूमीचा) नकाशा एका सार्वजनिक सर्व्हरवरून डब्ल्यूएमएसने (नकाशा तयार चित्र म्हणून मागवायची पद्धत) येतो, आमच्या नोंदी आणि गल्ल्या आमच्याच जिओसर्व्हरवरून (नकाशे पुरवणारं सॉफ्टवेअर). तलावाचं नाव दिलं की पीडीएफ बाहेर पडावी, एवढंच.

पण मागचा नकाशा पांढराशुभ्र येतो. एररही नाही. तीच लेयर क्यूजीआयएसमध्ये नीट दिसते. डब्ल्यूएमएसची आवृत्ती १.३.०, ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशांची पद्धत), बीबॉक्स (नकाशाच्या चौकटीचे कोपरे) ७२.९७,१९.१९,७२.९८,१९.२०. विनंती एका जुन्या उदाहरणावरून उचलली आहे, फक्त आवृत्ती बदलली.

शिवाय छपाईसाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल मागवले की आमच्या गल्ल्यांची नावं मुंगीएवढी होतात.

प्रतिसाद १

जुनं उदाहरण १.१.१ चं असणार. त्यात आधी रेखांश, मग अक्षांश. १.३.० मध्ये ४३२६ साठी उलटं. तुम्ही सध्या ७२ उत्तर, १९ पूर्व मागताय, म्हणजे नॉर्वेच्याही वरचा समुद्र. सर्व्हरची काही चूक नाही, त्याच्याकडे तिथलं काहीच नाही! आकडे अदलाबदल करा. आणि १.१.१ मधलं एसआरएस (विनंतीत ४३२६ जिथे लिहितो ते नाव) आता सीआरएस झालंय, तेही बघा.

प्रतिसाद २

नावांचं कारण वेगळं. डब्ल्यूएमएसच्या मानकात एक पिक्सेल ०.२८ मिमी धरलाय, म्हणजे साधारण ९० डीपीआय (इंचाला ९० ठिपके). तुमचं पान ३०० चं, म्हणून अक्षर एक तृतीयांश. जिओसर्व्हरला फॉरमॅट ऑप्शन्समध्ये डीपीआय ३०० पाठवता येतो. पण मी म्हणेन, गल्ल्या चित्र म्हणून घेऊच नका. डब्ल्यूएफएसने (चित्राऐवजी मूळ रेषा आणि नोंदी देणारी पद्धत) घ्या, नावं क्यूजीआयएसमध्ये लिहा आणि ॲटलास लावा. तलावागणिक पान आपोआप निघतं.

धागाकर्ता

मासुंदा आला! नॉर्वेचं वाचून घरी सगळे हसले. ॲटलासही चालतोय, पण लॅपटॉपवरच. सर्व्हरवर चालवलं की मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन.

प्रतिसाद २

त्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसेल. नोटो सान्स देवनागरी टाका आणि पुन्हा चालवून बघा.