मदत हवी आहे: बाबांची बिडी सुटेना, निकोटीन गमने उलट उचकी लागते

प्रश्न: अनघा_सातारा
बाबांचं वय ६१. दिवसाला वीसेक बिड्या, पहिली उठल्या उठल्या. मेडिकलमधून २ मिग्रॅचा निकोटीन गम आणलाय. चहानंतर तोंडात टाकतात, भराभर चघळतात आणि दहा मिनिटांत थुंकतात. उचकी लागते, छातीत जळजळतं, तलफ तशीच राहते. शिवाय बिडीशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. शेजारचे म्हणतात, त्यापेक्षा मिश्री लावा. दम्यासाठी थिओफिलीन चालू आहे. काय चुकतंय?

उत्तर: फार्मसीवाला
ताई, गम च्युइंगगमसारखा चघळला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. त्यानेच उचकी आणि जळजळ होते, आणि पोटात गेलेलं बरंचसं यकृतातच संपतं, म्हणून तलफही भागत नाही. ते गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. सावकाश चावायचं. जीभ चुरचुरली, तिखटसर चव आली की थांबायचं आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. मिनिटभराने चुरचुर ओसरली की पुन्हा दोनचारदा चावून दुसऱ्या गालात. असा एक गम अर्धा तास चालतो.

चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक आधी पंधरा मिनिटं नको आणि गम तोंडात असताना तर नकोच. तोंड आंबट असलं की निकोटीन शोषलंच जात नाही. बाबांचा पहिलाच गम चहामुळे वाया जातोय.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागणाऱ्याला २ मिग्रॅ सहसा कमी पडतो. त्यांना ४ मिग्रॅचा लागेल, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. दिवसाला चोवीसच्या वर नाही. तलफ अनावर होण्याची वाट पाहू नका, वेळेवर द्या. बरेच जण गरजेपेक्षा कमी खातात आणि गमला दोष देतात. कवळी असेल तर गम चिकटतो, मग निकोटीनची चोखायची गोळी बरी, पण ती न चावता विरघळू द्यायची.

अनघा_सातारा
आणि पोटाचं काय? दम्याच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का?

उत्तर: छातीविकार_ओपीडी
गोळ्यांचं आधी बघा, ते जास्त महत्त्वाचं. धुरामुळे यकृत थिओफिलीन लवकर संपवतं. बिडी थांबली की तोच डोस काही दिवसांत जास्त होऊ लागतो. मळमळ, उलटी, धडधड, हाताला कंप ही त्याची लक्षणं. बिडी सोडायची तारीख ठरवून डॉक्टरांना आधीच सांगा. डोस तेच कमी करतील, घरी बदलू नका. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नव्हे, म्हणून गम चालू असला तरी डोस तपासावाच लागतो. चहा-कॉफीतल्या कॅफीनचंही तसंच, म्हणून कप निम्मे करा. नाहीतर झोप उडते आणि खापर बिडी सोडण्यावर फुटतं.

निकोटीन आतड्याला चालना देतं, त्यामुळे सुरुवातीला बद्धकोष्ठ होऊ शकतं. चूळ भरून लगेच पहिला गम, चहा अर्ध्या तासाने. गमनेही थोडी चालना मिळते. रात्री इसबगोल एक-दोन चमचे मोठा पेलाभर पाण्यातून, पण बाकीच्या गोळ्यांपासून तासा-दोन तासांच्या अंतराने.

मिश्री अजिबात नको. तीही तंबाखूच, तोंडाच्या कर्करोगाची वाट.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला आणि कफ वाढला तर घाबरू नका, श्वासनलिका स्वतःला साफ करू लागतात. इथेच बरेच जण "बिडीच बरी होती" म्हणून परत फिरतात. मात्र धाप वाढली किंवा कफात रक्त दिसलं तर लगेच दाखवा. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात उतरतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो, हे बाबांना जरूर सांगा.

फार्मसीवाला
तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनला १८००-११२-३५६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. बोलताना बाबांना शेजारी बसवा. आणि मध्येच एखादी बिडी ओढली गेली तर गम बंद करू नका, पुढचा ठरल्या वेळेला द्या.